तुतीखालची रिकामी जागा

माझ्या धाकट्या बहिणीला, ताश्कंदच्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या आयनिसाला, कोकबुलाकच्या जमिनीवर राहणाऱ्या थोरल्या हुरनिसाचा सलाम आणि दोन्ही डोळ्यांवर मुके. तू बरी आहेस ना, गुडघे बरे आहेत ना? तुझा एर्किन, त्याची बायको, मुलं, ती लिफ्ट, सगळी धडधाकट आहेत ना? (लिफ्टची चौकशी मुद्दाम करते. मागच्या हिवाळ्यात ती आजारी पडली तेव्हा तू कितीतरी दिवस आभाळातच अडकून पडली होतीस.) आमच्याकडे अल्लाच्या कृपेनं सगळं ठीक. माझी पाठ दुखते, पण अजून आपल्या जागेवर आहे. गाय व्याली. जर्दाळू यंदा चांगला धरलाय. तू इकडे यायची तसदी मुळीच घेऊ नकोस. रस्ता खराब आहे, टॅक्सीवाले माणसं कोंबतात, आणि तुझंही वय झालं. मी आपलं नुसतं ख्यालीखुशाली कळवायला लिहितेय.

लिहितेय म्हणजे मस्तुरा, माझी सून, लिहितेय, मी बोलतेय. फोन करता आला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल, आणि गोष्ट मोहल्ल्याचीच आहे. मी अक्षरं शिकले नाही याचं तुला अजून वाईट वाटतं. मला नाही वाटत. आपल्या आजोबांची अक्षरं वेगळी होती, माझ्या मुलांना वेगळी शिकवली, आणि नातवंडांना आणखी तिसरीच. प्रत्येकाला आधीची विसरावी लागली. घरात मी एकटी अशी आहे, की मला काहीच विसरावं लागलं नाही.

तर झालं असं, की वसंतात, नवरोजच्या सुमाराला, सरकारने आम्हाला विचारलं. हसू नकोस. सांगितलेलं आपण जन्मभर ऐकलं. कापूस लावा, कापूस वेचा, पाट इथून न्या, आता तिथून न्या. विचारलं मात्र कधी नव्हतं. म्हणून मला भारी उत्सुकता होती, की हे विचारणं असतं तरी कसं. ते उभ्याने करतात की बसून, आणि उत्तर दिल्यावर पुढे काय होतं? आधी एक चकचकीत बुटांचे साहेब आले. म्हणाले, गावाचा मधला भाग सुधारायचा आहे, लोकांच्या सल्ल्याने. मधला भाग म्हणजे तेच आपलं: चहाखाना, दुकान, होशिम खाटकाचं छप्पर, त्याच्या मागचा पाट, आणि पार वरच्या अंगाला आपली तुती, तिच्याखाली ती मोठी लाकडी माची. साहेब उभ्याउभ्या खूप बोलले आणि विचारलं काहीच नाही. शेवटी मस्तुराने त्यांचा पियाला काठोकाठ भरला. पाहुण्याला चहा अर्धाच ओतायचा, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरला की पाहुण्याने ओळखायचं आणि बूट घालायचे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांनी तो पियाला संपवला, सुनेचा हात सढळ आहे म्हणून माझं अभिनंदन केलं, आणि दुसरा मागितला. (बूट त्यांनी मुळात काढलेच नव्हते. त्यांचा दोष नाही.)

त्यांच्यानंतर आली झिलोला. नकाशे काढते. केस मुलासारखे कापलेले, पण माचीवर चढताना बूट काढले, छातीवर हात ठेवून वाकली, आणि माझ्या पाठीची चौकशी केली, त्यामुळे केस मी माफ केले. समुद्रापलीकडे कुठेतरी शिकून आलीय. तिकडे म्हणे रस्त्यावरचं एक बाकडं हलवायचं असलं तरी आधी त्यावर बसणाऱ्याला विचारतात. मी म्हटलं, आणि तो नको म्हणाला तर? म्हणाली, मग सभा घेतात. आणि सभेतही नको म्हणाला तर? मग आणखी एक सभा. मला ते फारच आवडलं. मी तिला म्हटलं, तिकडे म्हाताऱ्या माणसांना वेळ घालवायला आणखी काही करावंच लागत नसेल. ती हसली, आणि तेव्हापासून मला बुवी म्हणायला लागली, सख्ख्या आजीला म्हणावं तशी.

सभा तुतीखालीच झाली, माचीवर. सगळा मोहल्ला आला. आपले नुरमत आका आता मोहल्ल्याचे आक्साकाल झालेत, म्हणजे पांढरी दाढी. दाढी त्यांना उगवत नाही, पण शिक्का त्यांच्याकडे आहे. त्यांनी भाषण केलं. मग झिलोलाने गावाचं चित्र काढलेला एक कागद पसरला, हा एवढा मोठा, माचीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर आमच्या चहाच्या किटल्या ठेवल्या. माचीच्या पायरीशी, जिथे आपण जोडे काढतो, त्या बाजूला चित्रात होशिमचा पाट आला होता, आणि पायरीपासून सगळ्यात लांब, वरच्या टोकाला, तुती. तिने रंगीत टिकल्या आणल्या होत्या, पण त्या पोरांनी एकमेकांच्या कपाळाला आणि वासराला चिकटवून संपवल्या. मग मीच म्हटलं, ताटात अक्रोड आहेत, ते घे. प्रत्येकाच्या हातात तिने एकेक अक्रोड दिला आणि म्हणाली, हे सगळं सुंदर झाल्यावर तुम्हाला स्वतःला कुठे बसायला आवडेल, तिथे आपापला अक्रोड ठेवा. बराच वेळ गेला, कारण जो तो दुसऱ्याला आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणत होता. पण भांडण नाही, तंटा नाही. शेवटी सगळे अक्रोड ठेवून झाले. होशिमचा तर कागदावरून खाली, फळीवर गेला. झिलोलाने स्टुलावर चढून फोटो काढला, आम्ही अक्रोड फोडून खाल्ले, आणि मी घरी जाताना मस्तुराला म्हटलं, विचारणं हे चांगलंच असतं की, उगीच आपण इतकी वर्षं त्यावाचून राहिलो.

नंतर फलक आला. दुकानासमोर लावला, रंगीत, त्यावर झाडं, बाकं, दिवे, आणि बाकांवर बसलेली सडपातळ माणसं. (आपल्या गावात तशी सडपातळ माणसं कुणाची आहेत, ते मी अजून शोधतेय.) सगळे समोर उभे राहून वा वा म्हणत होते. पाहुण्याने केलेलं काम, दुसरं काय म्हणायचं? मी मस्तुराला म्हटलं, वाच. तिने मनातल्या मनात वाचलं. म्हटलं, मोठ्याने वाच. तर होशिमच्या मागच्या पाटाच्या काठी बाकांची रांग, त्यावर छप्पर, दिवे, आणि नाव दिलं होतं ‘लोकांची आवडती जागा’. आणि तुतीपाशी लिहिलं होतं ‘वापरात नसलेली जागा’. माची काढायची, तुती तोडायची, आणि तिथे गाड्या उभ्या करायच्या. आपल्या गावात गाड्या किती? होशिमची एक, आणि तीही ढकलावी लागते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमच्याच इच्छेनुसार’.

आयनिसा, त्या पाटात काय वाहतं ते तुला सांगायला नको. होशिम सकाळी मेंढ्या सोलतो, दुपारी आतडी धुतो, आणि उन्हाळ्यात तिथून कुत्रीसुद्धा घाईने जातात. आणि तुतीखालची माची ‘वापरात नाही’? तिथे प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खा मोहल्ला पुलावाची गाजरं चिरायला बसतो. नवी सून तिथेच येऊन वाकते. तुझ्या लग्नाची गाजरं तिथेच चिरली, आणि तू रडतेस म्हणून मी सांगितलं की ते कांद्यामुळे, आणि कांदा त्या दिवशी चिरलाच नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही, पण रागाने नव्हे. मला एकच कळत नव्हतं: शहाणीसुरती माणसं, हातात अक्रोड, विचारणारी इतकी गोड, आणि सगळ्यांना आतड्यांपाशीच का बसावंसं वाटलं?

म्हणून सकाळी काठी घेतली आणि निघाले विचारायला. आता मलाही विचारता येतं. आधी शेजारच्या रिसोलतकडे. म्हटलं, तुझ्या नाकाला काही झालंय का? ती लाजली. म्हणाली, आपा, नुरमत आकांचा अक्रोड तिथे खाली होता, मी त्यांच्या वरती कशी बसू? गेले नुरमत आकांकडे. ते म्हणाले, मी शिक्क्याचा माणूस असलो म्हणून काय झालं, माझ्याहून मोठी माणसं खाली बसली असताना मी वर जाऊन बसलो तर लोक काय म्हणतील? गेले होशिमकडे. तो बिचारा म्हणाला, बुवी, त्या पाटात काय आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण सगळेच तिथे बसलेले. मी खाटीक माणूस, त्यांच्याही खाली जायला पाहिजे, म्हणून कागद संपला तिथे फळीवर ठेवला. मी आणखी चार घरं फिरले. सगळीकडे तेच. वरच्या टोकाची जागा सगळ्यांनी राखून ठेवली होती, मानाची, दारापासून लांबची. कुणासाठी? मोठ्यांसाठी. म्हणजे तुतीखालचा तो रिकामा कागद रिकामा नव्हताच, तिथे आम्ही सगळ्यांनी मिळून मान ठेवला होता, आणि मानाचा फोटो येत नाही. आता सगळ्यात आधी खाली जाऊन कोण बसलं, ज्याच्या वरती कुणालाच बसता येईना, असा प्रश्न राहतो. तोही मी विचारणारच होते, पण तेवढ्यात चहा आला.

झिलोला खुंट्या ठोकायला आली, लाल फीत बांधलेल्या. पहिली खुंटी तुतीपाशी. मी तिला माचीवर बोलावलं आणि कुणी काय सांगितलं ते सगळं ऐकवलं. मला वाटलं होतं चिडेल, किंवा लिहून घेईल. ती खुंटी हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बुवी, माझ्या आजीकडे मी नेहमी दाराशी बसायचे. तिथे वरून गळायचं. दर पावसाळ्यात पाठ भिजायची."

"मग सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, मला इथेच आवडतं."

"तेच आम्ही म्हणालो."

"पण मी तर नकाशा पसरला होता."

"तू जेवणाचा दस्तरखान पसरलास, पोरी. चार कोपऱ्यांवर किटल्या, मधे अक्रोड, पायरीशी जोडे. आणि आम्हाला विचारलंस, तुम्ही कुठे बसाल. चांगल्या घरातली माणसं त्याचं दुसरं काय उत्तर देणार?"

ती इतकी हसली की खुंटी हातातून पडली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आणि पाहुणा आला तर? त्याला कुठे बसवाल?" (हे मीच सुचवणार होते. तोंडात दात कमी आहेत, त्यामुळे मला वेळ लागतो. पण तिनेच शोधलं असं तिला वाटतंय, तर वाटू दे.)

दुसरी सभा झाली. तोच कागद, त्याच किटल्या. झिलोला म्हणाली, स्वतःचं सोडा, तुमच्या घरी फार लांबून फार मोठा पाहुणा आलाय, त्याच्यासाठी अक्रोड ठेवा. अगं, काय झुंबड उडाली. रिसोलतने थेट बुंध्यावर ठेवला. होशिमने मागून पोहोचत नाही म्हणून फेकला. नुरमत आकांनी दोन ठेवले, म्हणाले पाहुणा बायकोला घेऊन आलाय. तुतीखाली अक्रोडांचा ढीग झाला आणि घरंगळून मस्तुराच्या ओच्यात यायला लागला. पाटाकाठी एकच अक्रोड उरला. हा कुणी ठेवला, असं झिलोलाने विचारलं, तर एक बाई पदराआडून म्हणाली, तो चकचकीत बुटांच्या साहेबांसाठी आहे. नुरमत आकांनी तो झटकन उचलून खिशात घातला आणि सगळ्यांना देशाच्या प्रगतीबद्दल दोन शब्द सांगितले.

एवढं झाल्यावर तुती वाचली असं तू म्हणशील. आम्हीही म्हटलं. पण जिल्ह्याच्या कचेरीत साहेब म्हणाले, एका फोटोत लोक पाटावर, दुसऱ्यात झाडाखाली, आता अक्रोडांवर विश्वास ठेवायचा तरी किती? मी स्वतः येऊन बघतो. तुती पिकायला लागेल त्या आठवड्यात येणार आहेत. जिथे माणसं बसलेली दिसतील तिथे बाकं, जिथे दिसणार नाहीत तिथे गाड्या, आणि मग पुन्हा सभा नाही. झिलोलाला मी म्हटलं, तुझ्या त्या समुद्रापलीकडे पाठव की यांना. ती म्हणाली, तिकडेच शिकून आलेत, बुवी.

असो. साहेब येतील, बघतील, अल्लाच्या मनात असेल ते होईल. तू काळजी करू नकोस आणि इतक्या लांब यायचा विचारही मनात आणू नकोस. एर्किनला सलाम. त्याच्या बायकोला सलाम. लिफ्टला सलाम. पत्र तुला नात वाचून दाखवेल, तिला सांग सावकाश वाच, आणि कंसातलं हळू आवाजात.

तुझी थोरली,
हुरनिसा

ता.क. टॅक्सीवाल्याबरोबर गेल्या वर्षीच्या वाळवलेल्या तुतीची पिशवी पाठवलीय. नीट चावून खा. झाड तेच.

आणखी ता.क. पिशवी बांधता बांधता एक गोष्ट डोक्यात आली. साहेब येतील तेव्हा आम्ही कुठे बसलेले दिसू, याचा मी विचार करत होते. साहेब म्हणजे पाहुणा. त्यांना कितीही नावं ठेवली तरी बसवणार कुठे? तुतीखाली, वरच्या जागी. आणि अख्खा मोहल्ला त्यांचा मान राखून खाली सरकत सरकत जाणार पुन्हा पाटावर. मग साहेबांना वरून काय दिसेल? स्वतः एकटे झाडाखाली, आणि गाव आतड्यांपाशी, आनंदात. मी वर बसून दाखवावं तर तेही व्हायचं नाही, घरच्या माणसाने पाहुण्याआधी वर जाऊन बसायचं म्हणजे मला मेल्यावरही आईसमोर उभं राहता येणार नाही. तिथे आधीपासून कुणीतरी बसलेलं पाहिजे, साहेबांहून वयाने मोठं, आणि त्यांच्याहूनही लांबून आलेलं, म्हणजे साहेबांनाही त्याला ऊठ म्हणता येणार नाही. असं माणूस बसलं की सोबत म्हणून त्याच्या शेजारी मला बसावंच लागेल. माझ्याशेजारी रिसोलत. मग नुरमत आका, मग होशिम, असा सगळा मोहल्ला आपापल्या पायरीने वर सरकेल, झाडाखाली बोट ठेवायला जागा उरणार नाही, आणि साहेबांना पाय टेकायला पाटाची कड मिळेल. असं माणूस ताश्कंदहून आलं तर ताश्कंदहूनही चालेल. पाचव्या मजल्यावरून उतरलेलं असेल तर फारच चांगलं. तुझ्या ओळखीचं कुणी आहे का, बघ.

मावशींना मस्तुराचा सलाम. अम्मा पत्र पूर्ण झालं म्हणून गाईकडे गेल्या आहेत, तेवढ्यात लिहिते. त्यांना वाचता येत नाही आणि मी हे वाचून दाखवणार नाही. पहिल्या सभेत सगळ्यात मोठ्या म्हणून पहिला अक्रोड अम्मांच्याच हातात दिला होता. त्यांनी ‘मला काय, कुठेही चालेल’ असं म्हणून तो सरळ पाटाच्या कडेला ठेवला. त्याच्या वरच्या अंगाला जायची कुणाची हिंमत होती? सगळ्यात आधी कोण बसलं ही चौकशी जेव्हा जेव्हा अम्मांच्याच दारापर्यंत पोहोचली, तेव्हा तेव्हा चहा आलाय, आणि मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळे तो लगेच आणतात. रस्ता चांगला आहे, मागच्या वर्षीच डांबर पडलं. तुमच्यासाठी गाद्या चार दिवसांपासून उन्हात आहेत, आणि सकाळ संध्याकाळ अम्मा त्या काठीने झोडपतात आणि कुणी विचारलं तर पिसवा म्हणतात. तुती आता गुलाबी झालीय. तुम्ही तिकडे दाराशी बसून कुणी बोलवायची वाट बघत असाल तर हे बोलावणंच समजा. या, आणि सावकाश राहा. तुमचा पियाला मी अर्ध्याच्या वर कधी भरणार नाही.